सोमवारचा ताप

अबू धाबीच्या मुख्य बेटावरून ईशान्येकडे पाहिलं की मधल्या खाडीपलीकडे काचेच्या इमारतींची एक रांग दिसते. ते अल रीम आयलंड. 'रीम' म्हणजे अरबीत वाळवंटातलं पांढुरकं हरीण. मी २००९ साली पहिल्यांदा इथे कामाला आलो तेव्हा हरीण तर सोडाच, साधं मांजरही दिसत नव्हतं. दिसायच्या त्या फक्त क्रेन. या बेटावर तोवर तिवरं आणि वाळू यापलीकडे फारसं काही नव्हतं, आणि मग पाच-सात वर्षांत टॉवरच टॉवर उगवले. ७४ मजल्यांचा स्काय टॉवर, डोक्यावर एकच पूल घेऊन उभे असलेले तीन गेट टॉवर, सोरबोन विद्यापीठाचा घुमट... सगळं माझ्या डोळ्यांदेखत उभं राहिलं.

माझं काम एमईपीचं. म्हणजे इमारतीतली हवा, पाणी आणि वीज. सोप्या भाषेत सांगायचं तर भिंतीच्या आणि छताच्या आत जे जे लपवलं जातं, ते सगळं आमचं. त्यामुळे आमची माणसं नेहमी तळघरात, शाफ्टमध्ये, पंपरूममध्ये. काचेच्या दर्शनी भागाचे फोटो पेपरात येतात, पंपरूमचे येत नाहीत. असो.

तर झालं असं की २०१०च्या उन्हाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी मी तळघरातून वर येत होतो. जिन्याच्या कोपऱ्यात आमचा एक फॅब्रिकेटर जॅकेट अंगावर ओढून बसला होता. बाहेर चाळिशी पार केलेलं तापमान आणि हा माणूस दात वाजवत कुडकुडतोय! मूळचा खेड तालुक्यातला, रत्नागिरी जिल्हा. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, म्हणून सगळे त्याला मामू म्हणायचे.

"मामू, काय होतंय? डॉक्टरकडे नेऊ का?"

"काय नाय साहेब. गॅल्वनाइजचा ताप हाय. सुट्टी झाली की येतोच. तोंडात गोड गोड चव आली की समजायचं, आज थंडी वाजणार. उद्या सकाळी बघा, चालत येईन मी."

मला वाटलं, म्हातारा काहीतरी थापा मारतोय, रोजंदारी बुडू नये म्हणून. मी त्याला सक्तीने दवाखान्यात पाठवला. तिथून चिठ्ठी आली: 'व्हायरल फीव्हर'. मी साइटच्या रजिस्टरमध्ये तेच लिहिलं आणि खाली सही ठोकली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मामू खरोखरच चालत आला आणि माझ्याकडे बघून नुसता हसला.

पुढे काही महिन्यांनी कसल्याशा ऑडिटसाठी ते रजिस्टर चाळत होतो. 'व्हायरल फीव्हर', 'व्हायरल फीव्हर', 'हीट', 'व्हायरल फीव्हर'... आणि समोरच्या तारखा बघितल्या तर बहुतेक शनिवार. आणि माणसं बहुतेक वेल्डिंगच्या गँगमधली. आता व्हायरसला काही कॅलेंडर वाचता येत नाही. शुक्रवारची सुट्टी संपली की शनिवारी येणारा आणि रविवारी उतरणारा हा कुठला व्हायरस? तेव्हा मी शोधायला लागलो आणि या तापाला जवळपास दोनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे हे कळल्यावर माझी मलाच लाज वाटली. जी गोष्ट खेडच्या मामूला तोंडाच्या चवीवरून कळत होती, ती इंजिनियरिंगची पदवी घेतलेल्या मला सही करताना ठाऊक नव्हती.

आधी थोडी धातूंची गोष्ट. गॅल्वनाइज्ड लोखंड म्हणजे ज्याला आपण जीआय म्हणतो, जस्ताचा मुलामा दिलेलं पोलाद. आपल्याकडे पत्रे, बादल्या, पाण्याचे पाईप सगळे याचे. पोलाद वितळतं साधारण १५०० अंशांना. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीखाली पोलाद वितळायच्या कितीतरी आधी त्यावरचं जस्त वाफ होऊन उडालेलं असतं. ही वाफ हवेत येते, क्षणात प्राणवायूशी संयोग पावते आणि झिंक ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. हा धूर म्हणजे वायू नव्हे. ते घन कण आहेत, पण एकेक कण काही दशनॅनोमीटर एवढाच, आणि त्यांच्या माळा किंवा पुंजके झालेले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

म्हणजे हल्ली ज्यांना धातूंचे नॅनोकण म्हणतात, ज्यांच्यासाठी मोठमोठ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, ते आमच्या पंपरूममध्ये रोज फुकट तयार होत होते. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली वापरला. पण कण काही नावासाठी थांबत नाहीत. जेव्हापासून माणसाने जस्त तापवलं, तेव्हापासून ते हवेत आहेत.

आणि जस्त तापवण्यात आपले लोक सगळ्यांत पुढे होते बरं का! राजस्थानात उदयपूरजवळ झावर नावाचं ठिकाण आहे. तिथे जस्ताच्या खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत, आणि मध्ययुगात तिथे शुद्ध जस्त काढण्याच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर चालत. एकेका भट्टीत मातीच्या ३६ मुशी उलट्या मांडलेल्या. उलट्या का? कारण जस्ताची हीच तर खोड आहे. खनिज तापवलं की जस्त द्रवरूपात खाली साठत नाही, वाफ होऊन वर निघतं आणि हवा लागताच जळून पांढरी राख होतं. हातात धातू येतच नाही. म्हणून झावरच्या कारागिरांनी मुशीचं तोंड खाली केलं आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवली. तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात यासाठी वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे, आणि ज्वाळेचा निळा रंग जाऊन पांढरा झाला की काय करायचं तेही सांगितलं आहे. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला जस्त काढण्याच्या कृतीचं पेटंट मिळालं ते १७३८ साली. म्हणजे आपल्यानंतर कितीतरी उशिरा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती पांढरी ज्वाळा, तो पांढरा धूर, याचा हिशेब त्या काळी धातूच्या नासाडीत धरला जायचा. इतकं जस्त हाताशी लागलं, इतकं उडालं. उडालेलं कुठे गेलं? भट्टीपाशी बसलेल्या माणसाच्या छातीत किती गेलं? हा रकाना कुणाच्याच वहीत नव्हता. युरोपातल्या किमयागारांनी तर या पांढऱ्या धुराला कौतुकाने 'तत्त्वज्ञाची लोकर' असं नाव दिलं होतं.

तो रकाना भरला गेला इंग्लंडमध्ये, पितळेच्या कारखान्यांत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, आणि तेवढ्या उष्णतेला जस्त उकळत असतं. त्यामुळे पितळेचा रस ओतताना पांढरा धूर ठरलेलाच. लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा यांनी १८३१ साली निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांच्या आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात पितळ ओतणाऱ्यांना येणाऱ्या हिवतापासारख्या तापाची नोंद आहे. मग १८६२ साली एडवर्ड हेडलॅम ग्रीनहाउ यांनी या पितळेच्या तापावर स्वतंत्र निबंधच वाचला आणि दोष जस्ताच्या धुराला दिला. कामगारांनी मात्र या दुखण्याचं बारसं कधीच करून टाकलं होतं: पितळेची थंडी, जस्ताची हुडहुडी, आणि सगळ्यांत मार्मिक नाव म्हणजे 'सोमवारचा ताप'. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप. मंगळवारी, बुधवारी त्याच भट्टीसमोर उभं राहिलं तरी काही नाही. पुन्हा रविवार, पुन्हा सोमवार.

आता गंमत बघा. आमच्या इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून मामूचा तो 'शनिवारचा ताप'. जानेवारी २०२२पासून अमिरातीतल्या सरकारने शनिवार-रविवार सुट्टी सुरू केली, आणि हळूहळू अनेक साइट्सवरही रविवारची सुट्टी आली. म्हणजे दीडशे-दोनशे वर्षं फिरून ताप पुन्हा सोमवारी!

ताप सुट्टीनंतरच का येतो, हे कोडं सुटायला बराच काळ गेला. आधी भांडण होतं की दोष तांब्याचा, जस्ताचा की त्यातल्या भेसळीचा. जर्मनीच्या कार्ल लेहमान यांनी १९१० साली दाखवलं की शुद्ध जस्ताच्या धुरानेही ताप येतो. मग १९२०च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डला फिलिप ड्रिंकर आणि त्यांचे सहकारी या मागे लागले. हे ड्रिंकर म्हणजे पोलिओच्या रुग्णांचा श्वास चालू ठेवणारं 'आयर्न लंग' यंत्र १९२८ साली तयार करणारे. १९२७ साली त्यांच्या गटाने दोन धडधाकट माणसांना झिंक ऑक्साइड हुंगायला लावून रीतसर ताप आणला आणि तासातासाला मोजला. दुसऱ्या प्रयोगात लागोपाठ दोन दिवस धूर दिला, तर दुसऱ्या दिवशी शरीराने दाद दिली नाही. म्हणजे शरीर एका दिवसात या धुराला सरावतं आणि सुट्टीच्या विश्रांतीत तो सराव विसरतं. सोमवारचं गणित सुटलं.

त्यामागची यंत्रणा कळली १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. सॅन फ्रान्सिस्कोत पॉल ब्लँक आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना गॅल्वनाइज्ड पोलादावर वेल्डिंग करायला लावलं आणि नंतर त्यांच्या फुप्फुसात सलाइन सोडून ते परत काढून तपासलं. त्यात पांढऱ्या पेशींची फौज आणि दाहाचे निरोप पोचवणारी सायटोकाइन नावाची रसायनं सापडली. म्हणजे ताप जस्त आणत नाही. फुप्फुसाच्या पेशींना वाटतं, जंतूंचा हल्ला झालाय, आणि त्या शरीरभर दवंडी पिटतात. दवाखान्यातल्या डॉक्टरने 'व्हायरल' लिहिलं त्यात त्याची तरी काय चूक? शरीराचीच तशी समजूत झालेली असते. छातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छ, एक-दोन दिवसांत ताप गायब. पेशंटला 'काम काय करतोस? आज काय कापलंस?' एवढं विचारलं तरच निदान होतं. मी ते विचारू शकलो असतो. मला माहीत होतं तो काय कापत होता. ड्रॉइंगवर मीच सही केली होती.

आता मुद्द्याचा प्रश्न. जस्त तर शरीराला लागतं. जस्ताच्या गोळ्या डॉक्टर देतात. आयुर्वेदात यशदभस्म आहे. झिंक ऑक्साइड लहान मुलांच्या पावडरीत, मलमात, सनस्क्रीनमध्ये असतं. मग तेच धुरातून गेलं की एवढा गोंधळ का?

एक कारण म्हणजे बारीकपणा. जरा हिशेब करू. एक ग्रॅम झिंक ऑक्साइडची एकच गोळी केली तर तिचा पृष्ठभाग भरतो जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर. त्याच एका ग्रॅमचे ३० नॅनोमीटरचे कण केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग होतो सुमारे ३६ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ३८५ चौरस फूट. मुंबईतली एक छानशी वन रूम किचन! वजन तेच, पण शरीराशी भिडणारी भिंत लाखो पटींनी वाढली. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात ग्युंटर ओबरडॉर्स्टर आणि युराज फेरिन यांच्या गटाने १९९०च्या दशकात हेच टायटॅनियम डायऑक्साइडवर करून दाखवलं. उंदरांना सारख्याच वजनाची पूड दिली, एकीचे कण सुमारे २० नॅनोमीटरचे, दुसरीचे २५० नॅनोमीटरचे. बारीक पुडीने फुप्फुसाचा दाह कितीतरी जास्त झाला. पण वजनाऐवजी पृष्ठभागाच्या हिशेबाने आलेख काढला तर दोन्ही एकाच रेषेवर आले. तोपर्यंत निरुपद्रवी समजली जाणारी ती पांढरी पूड होती. विषारी काय, हे नुसत्या रासायनिक नावावर ठरत नाही, हा धडा तिथे मिळाला, आणि पुढे नॅनोकणांच्या विषारीपणाचा अभ्यास करणारी एक शाखाच उभी राहिली.

दुसरं कारण म्हणजे वाट. आपल्या रसशास्त्रकारांनाही बारीकपणाचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. भस्म बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, याला ते 'रेखापूर्ण' म्हणत. पाण्यावर तरंगलं पाहिजे, ते 'वारितर'. पण या कसोट्या पोटात जाणाऱ्या भस्मासाठी. पोटाला आम्ल आहे, यकृत आहे, हजारो वर्षांचा सराव आहे. त्वचेवर मृत पेशींचा चिलखती थर आहे. सिडनीच्या एका संशोधकाने वीस स्वयंसेवकांना समुद्रकिनाऱ्यावर पाच दिवस जस्ताच्या खास समस्थानिकाचं सनस्क्रीन लावायला दिलं, तर रक्तात आणि लघवीत त्याचा अगदी थोडा अंश उतरला. फुप्फुसाची गोष्ट वेगळी. श्वासातून गेलेल्या २० नॅनोमीटरच्या कणांपैकी साधारण निम्मे थेट खोलवरच्या वायुकोशांत बसतात. तिथे भिंत एवढी पातळ की पलीकडे रक्तच. म्हणूनच युरोपच्या शास्त्रीय समितीने नॅनो झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन अंगाला चोपडायला मान्यता दिली, पण स्प्रेच्या रूपात नको म्हणून सांगितलं. पदार्थ तोच, वाट वेगळी.

मग कायद्याने काही मर्यादा घातली आहे का? आहे. अमेरिकेत कामाच्या जागी झिंक ऑक्साइडच्या धुराची मर्यादा घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम. ऐकायला छान वाटतं. पण न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना नेमक्या याच पातळीवर आणि तिच्या निम्म्यावरही फक्त दोन तास बसवलं, तर त्यांना ताप आला. जर्मनीत बोखुमला २०१८ साली २ मिलिग्रॅम आणि त्याहून कमी पातळीवर प्रयोग झाला, तरीही रक्तात दाहाच्या खुणा चढलेल्या दिसल्या. आणि ही मर्यादा वजनाची आहे. वरची वन रूम किचनची गोष्ट आठवा. वजनकाट्याला पृष्ठभाग दिसत नाही.

आमच्या पंपरूममध्ये किती मिलिग्रॅम होते? कुणी मोजलेच नाहीत. तळघराला खिडकी नसते. हवा खेळवायला पंखे असतात, पण ते बसवायचे कुणी? आम्हीच! म्हणजे ज्या खोलीत हवा खेळती राहावी म्हणून ही माणसं जीआयच्या अँगलवर वेल्डिंग करत होती, त्याच खोलीत त्यांच्यासाठी हवा नव्हती. मी धूर ओढून घेणारा एक फिरता पंखा आणि लवचिक डक्ट मागितला. मुख्य ठेकेदाराकडून उत्तर आलं की हे मंजूर कार्यपद्धतीत नाही. दोन महिने पत्रापत्री झाली. तोपर्यंत कामगारांना कापडी मास्क मिळत होते. कापडी मास्कने नॅनोकण अडवणं म्हणजे मासेमारीच्या जाळ्याने पाणी गाळणं. शेवटी पंखा आला आणि पुढच्या शनिवारी रजिस्टर कोरं राहिलं असं मला लिहायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर कमी झालं, संपलं नाही. कारण पंखा एक आणि पंपरूम चार.

माणसं आपापले उपाय करतच असतात. जगभरचे वेल्डर दूध पितात. आमच्याकडे गूळ. महाराष्ट्रातल्या कितीतरी कारखान्यांत धुळीवर उतारा म्हणून गूळ वाटतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. गुळाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रात उंदरांवर प्रयोग झाला होता, १९९४ साली छापून आला, आणि गुळामुळे फुप्फुसातली धूळ बाहेर जायला मदत होते असं त्यात दिसलं. पण ती कोळशाची आणि सिलिकाची धूळ, आणि ते उंदीर. गूळ द्यायला पंख्यापेक्षा स्वस्त पडतो, हेही तितकंच खरं.

'एका दिवसात उतरतो ना? मग एवढं काय त्याचं?' हा प्रश्न मला माझ्या वरिष्ठांनी विचारला होता. त्याला तीन उत्तरं आहेत.

पहिलं म्हणजे जस्ताचा ताप आणि कॅडमियमचा विषार सुरुवातीला हुबेहूब सारखे दिसतात. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरचा मोठा रस्तापूल बांधला जात होता. १९६६ साली तो खुला झाला. बांधकाम चालू असताना पाच माणसं टॉवरच्या आत एक पोलादी सांगाडा सोडवत होती. नट-बोल्ट गॅसच्या ज्योतीने कापले. बोल्टांना मुलामा होता कॅडमियमचा. घरी गेल्यावर पाचांनाही तापासारखं वाटलं, आणि हा नेहमीचाच ताप असं वाटणं साहजिक होतं. त्यातला एक माणूस मूत्रपिंड निकामी होऊन गेला. एक टॉवर, बंद जागा, मुलाम्याचा धातू कोणता हे न विचारता पेटवलेली ज्योत. वाचताना मला आमची पंपरूमच दिसत होती.

दुसरं, वेल्डरांना न्यूमोनिया इतरांपेक्षा जास्त होतो. ब्रिटनमध्ये १९९४ साली हे आकडेवारीने मांडलं गेलं, आणि विशेष म्हणजे काम सोडल्यावर हा धोका ओसरतो असंही दिसलं. २०११च्या सुमारास तिथल्या लसीकरण समितीने वेल्डरांना न्यूमोनियाची लस देण्याची शिफारस केली.

तिसरं, २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गटात टाकला. त्या धुरात जस्तापेक्षा लोखंड, मँगनीज, क्रोमियम, निकेल यांचा वाटा मोठा असतो. त्यानंतर २०१९ साली ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने जाहीर केलं की अगदी पाच मिनिटांचं वेल्डिंग असलं तरी धुराचा बंदोबस्त हवाच.

ताप म्हणजे थोडक्यात दारावरची बेल होती. आम्ही बेलची बॅटरी काढून टाकत होतो.

धूर खोलीबाहेर गेल्यावर संपतो का? नाही. तो कुठेतरी बसतो, आणि धुतल्या पाण्याबरोबर समुद्राकडे निघतो. रीमच्या कडेने अजूनही तिवरं आहेत. 'अव्हिसेनिया मरिना' ही जात, इथे तिला कुर्म म्हणतात. आपल्या कोकणच्या खाड्यांतही ती आहे, मुंबईच्या विमानातून उतरताना दिसणारं हिरवं त्यातलंच. २०२० साली शेजारच्या जुबेल बेटावर तिवरांतून फिरायला लाकडी पूल खुले झाले, तिथे मी मुलांना घेऊन जातो. सगळे सनस्क्रीन चोपडून आलेले असतात, आम्हीही. त्यातलं झिंक ऑक्साइड पाण्यात गेलं की काय होतं? ऑस्ट्रेलियात २००७ साली गोड्या पाण्यातल्या शेवाळावर तपासलं, तर नॅनो झिंक ऑक्साइड, साधं झिंक ऑक्साइड आणि पाण्यात विरघळलेलं जस्त तिन्ही सारखेच घातक ठरले. कारण कण पाण्यात विरघळतात आणि मारतं ते विरघळलेलं जस्त. म्हणजे इथे बारीकपणाची जादू नाही, जस्ताचं प्रमाण महत्त्वाचं. 'नॅनो' ऐकलं की घाबरायचं असं नाही, आणि 'निसर्गातलंच आहे' ऐकलं की निर्धास्त व्हायचं असंही नाही. प्रत्येक वेळी तीनच प्रश्न विचारायचे: किती, केवढं बारीक आणि कुठल्या वाटेने?

तिवरांच्या काळ्या, कुजक्या वासाच्या चिखलात गंधकाची संयुगं असतात, ती जस्ताला पकडून ठेवतात. चिखल आपल्यासाठी बरंच काही गिळतो. माणसाच्या फुप्फुसाला ती सोय नाही.

मागच्या वर्षी गावी, सांगलीला, गेलो होतो. शेजारी पाण्याच्या टाकीचा स्टँड चालला होता. विशी-बाविशीचा पोरगा, डोळ्यांना काळा गॉगल, पायात स्लीपर, आणि हातातला पाईप जीआयचा. पांढरा धूर सरळ नाकात. मी जाऊन म्हटलं, "अरे, जिथं जोड द्यायचा तिथलं जस्त आधी ग्राइंडरनं घासून काढ. चार बोटं दोन्ही बाजूंनी. आणि वारा अंगावर आडवा येईल असा उभा राहा, धुरात तोंड घालू नकोस. तापबिप येतो का कधी?"

"येतो की काका. सोमवारी. ऐतवारी आराम केला की अंग आळसावतं म्हणून येतो, असं आमचा मालक म्हणतो."

मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. किती पटली माहीत नाही, पण त्याने ग्राइंडर उचलला. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला किंवा दम लागायला लागला तर दवाखान्यात जा आणि कुठला धातू कापला ते डॉक्टरला आधी सांग, एवढं मात्र दोनदा बजावलं. तुमच्याही घरी ग्रिलचं, पत्र्याचं, मांडवाच्या सांगाड्याचं काम निघालं तर एवढं त्या पोराला सांगा. पंधरा मिनिटं जास्त लागतील.

मामू आता खेडला असतो. फोनवर बोलताना मध्येच थांबून दम घेतो. विडीही भरपूर ओढली आहे त्याने, त्यामुळे दम कशाचा हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही, मी तर नाहीच. मी त्याला एकदा सांगितलं की तुझा ताप खरा होता, त्याला नाव आहे, १८३१ सालापासून पुस्तकात लिहिलेला आहे. तो म्हणाला, "मग साहेब, तुम्ही का नाय लिवलंत?"

ते रजिस्टर आता कुठल्यातरी गोदामात असेल. त्यात अजूनही 'व्हायरल फीव्हर'च लिहिलेलं आहे, आणि खाली माझी सही आहे.